शंभूचे दहा हात आणि बीडचा पीकविमा

शंभूच्या दहा हातांत दहा वस्तू आहेत: पाश, अंकुश, साप, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. या वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात अशा फिरवत गेलो, तर शंभूची रूपे किती होतील? प्रश्न भास्कराचार्यांचा आहे. 'लीलावती'च्या अखेरीस 'अंकपाश' नावाचे प्रकरण येते, त्यात तो घातला आहे. त्याच दमात हरीबद्दलही विचारले आहे: गदा, चक्र, कमळ आणि शंख चार हातांत फिरवले तर मूर्ती किती?

या भास्कराचार्यांवर बीडचा दावा आहे. आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. विज्जडविड म्हणजे बीड असे मानणारे अभ्यासक आहेत. कुणी विजापूर म्हणतात, कुणी चाळीसगावजवळचे पाटण. पाटणची बाजू भक्कम आहे, कारण भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख तिथे आहे आणि तो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकातच उजेडात आणला. बीडच्या बाजूने एवढे म्हणता येते की बालाघाटचे डोंगर सह्याद्रीचीच शाखा आहेत. वाद मिटलेला नाही, आणि तो मिटेपर्यंत बीडकरांनी भास्कराचार्यांना आपले म्हणायला माझी हरकत नाही. ग्रंथाच्या काळाबद्दल मात्र वाद नाही: शके १०७२, म्हणजे इ.स. ११५०. तेव्हा ते ३६ वर्षांचे होते.

हरीचा प्रश्न आधी सोडवू. पहिल्या हातात चारपैकी कोणतीही वस्तू देता येते. ती दिली की दुसऱ्या हातासाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन, आणि चौथ्याला उरलेली एक घ्यावीच लागते. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे २४. संध्येत केशव, नारायण, माधव, गोविंद अशी विष्णूची जी नावे घेतात तीही बरोबर चोवीसच आहेत. मूर्तिशास्त्रात यातल्या प्रत्येक नावाची मूर्ती ओळखायची ती कोणत्या हातात कोणते आयुध आहे यावरूनच. म्हणजे चार आयुधांच्या जेवढ्या मांडण्या शक्य आहेत, तेवढी सगळी नावे वापरून झाली. पंचविसावी मूर्ती घडवायची म्हटले तरी जागा नाही.

शंभूचे उत्तर याच रीतीने निघते, पण ते एकदम आवाक्याबाहेर जाते: ३६ लाख २८ हजार ८००. दर सेकंदाला एक रूप बदलत राहिला, रात्रंदिवस थांबला नाही, तर सगळी रूपे दाखवायला त्याला बरोबर ४२ दिवस लागतील. एक सेकंद कमी नाही, एक जास्त नाही. हवे तर गुणून पाहा. (परळीचा वैजनाथ लिंगरूपात असल्याने तिथल्या पुजाऱ्यांवर ही मोजणी करायची वेळ येत नाही.)

मोजणीच्या शास्त्राचा हा पाया. एक काम एवढ्या तऱ्हांनी करता येते आणि ते झाल्यावर दुसरे तेवढ्या तऱ्हांनी, तर दोन्ही मिळून गुणाकार. 'हे किंवा ते' असेल, आणि दोन्ही एकदम होणारच नसेल, तर बेरीज. अकरावीच्या पुस्तकात क्रमचय आणि संचय या भारदस्त नावांखाली जे काही येते, ते या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

दोन्ही नियम कामाला लागलेले पाहायचे तर सहा रसांकडे वळावे. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय या सहांच्या मिश्रणाने ६३ प्रकार होतात, ही संख्या आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत येते आणि भास्कराचार्यांनीही तो प्रश्न घेतला आहे. एकेका रसाचे ६, दोन-दोनांच्या जोड्या १५, तिघांचे २०, चौघांचे १५, पाचांचे ६ आणि सगळे मिळून १. बेरीज ६३. दुसरी वाट अधिक सोपी: प्रत्येक रसाबद्दल एकच सवाल, घालायचा की नाही. सहा वेळा दोन-दोन पर्याय, म्हणून २ चा सहावा घात ६४. त्यातला एक काहीच न घातलेला, तो वजा. छंदशास्त्रात लघु की गुरू हाच सवाल प्रत्येक अक्षराला विचारतात. गायत्रीच्या चोवीस अक्षरांचे भास्कराचार्यांनी दिलेले उत्तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आहे, म्हणजे २ चा चोविसावा घात.

आणखी एक प्रश्न लक्षात ठेवावा, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे. ४, ८, ५, ५, ५ हे पाच अंक घेऊन किती संख्या बनतील? पाच वेगळे अंक असते तर १२० बनल्या असत्या. पण तीन पाच आपसांत जागा बदलून बसले तरी संख्या तीच राहते, आणि ते सहा तऱ्हांनी जागा बदलू शकतात. म्हणून १२० ला ६ ने भागायचे. उत्तर २०. सारख्या वस्तूंनी मोजणी फुगते, ती भागून खाली आणायची.

आता रस्त्यावर या. बीडच्या गाड्यांवर एमएच २३ असते, अंबाजोगाईच्या एमएच ४४. पुढे दोन अक्षरे आणि चार अंक. आय आणि ओ ही अक्षरे एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा होतो म्हणून वापरत नाहीत, तेव्हा प्रत्येक अक्षराच्या जागेला २४ पर्याय. चोवीस चोवीसे पाचशे शहात्तर, आणि प्रत्येक मालिकेत ०००१ पासून ९९९९ पर्यंत क्रमांक. एकट्या एमएच २३ खाली, दोन अक्षरांच्या मालिकांत, ५७ लाख ५९ हजार ४२४ पाट्या होऊ शकतात. म्हणजे बीडला पाट्यांची टंचाई इतक्यात पडत नाही. टंचाई पडते ती चॉइस नंबरची. चारही अंक सारखे असलेले क्रमांक एका मालिकेत फक्त नऊ, म्हणजे दर ११११ क्रमांकांत एक, आणि त्या एकासाठी आरटीओत जास्तीचे पैसे मोजणारे पुष्कळ.

याच पाट्यांवर पैजही लावता येईल. समोरून येणाऱ्या गाडीच्या चार अंकांत एखादा अंक पुन्हा आला असेल का? बहुतेक लोक म्हणतील, क्वचित. मोजू या. चारही अंक वेगळे असलेले क्रमांक दहा गुणिले नऊ गुणिले आठ गुणिले सात, म्हणजे ५०४०. उरलेल्या ४९५९ क्रमांकांत कुठला तरी अंक पुन्हा आलेला असतोच. जवळजवळ निम्म्यास निम्मे. इथे हवे ते थेट न मोजता नको ते मोजून एकूणातून वजा केले. गणितात या युक्तीइतकी फुकट कमाई फारशी कुठे नाही.

आणि इथेच आपण नकळत मोजणीतून संभाव्यतेत शिरलो. हवे ते प्रकार भागिले एकूण प्रकार, अशी तिची साधी व्याख्या. फक्त या व्याख्येला एक अट चिकटलेली आहे, आणि शाळेत तीच घाईघाईने उरकली जाते: सगळे प्रकार सारख्या वजनाचे असले पाहिजेत.

आपल्याकडे छंद, रस आणि मूर्ती मोजणारे होते. वराहमिहिराने तर सोळा सुगंधी द्रव्यांतून चार निवडण्याचे १८२० प्रकार सांगून ठेवले आहेत. जुगारीही होते, ऋग्वेदात फाशांपायी देशोधडीला लागलेल्या जुगाऱ्याचे अख्खे सूक्त आहे. मोजणी होती, जुगार होता, पण दोघांची गाठ पडून संभाव्यतेचे शास्त्र झाले नाही. ते झाले युरोपात. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट मोडलेल्या डावातले पैसे कसे वाटायचे यावर पत्रव्यवहार केला, तिथून हे शास्त्र उभे राहिले असे मानतात. त्याच्या थोडे आधी गॅलिलिओपुढे एक तक्रार आली होती. तीन फाशांची बेरीज ९ व्हायला सहा जुळण्या आहेत, १० व्हायलाही सहाच, मग अनुभवी जुगाऱ्यांना १० थोडे जास्त वेळा का दिसतात? गॅलिलिओने एकूण २१६ मांडण्या मोजल्या: ९ च्या वाट्याला २५, १० च्या वाट्याला २७. जुळण्या सारख्या, वजने वेगळी. तीन तिऱ्या एकाच तऱ्हेने पडतात. एक, दोन, सहा मात्र सहा तऱ्हांनी पडू शकतात. भास्कराचार्यांच्या तीन पाचांचीच ही गोष्ट.

मराठी मुलखात या गोष्टीचा सर्वांत पसरलेला नमुना कुठला, तर मटका. १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेला हा धंदा कायद्याने गुन्हा आहे, तरी त्याची भाषा मराठवाड्यातल्या टपऱ्यांपर्यंत पोचली: ओपन, क्लोज, जोडी, पत्ती. शून्य ते नऊ यांतून तीन अंक निघतात, ती पत्ती. त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन. पुन्हा तीन अंक, त्यातून क्लोज. दोन्ही मिळून जोडी. पत्ती नेहमी ठरलेल्या क्रमात लिहितात, त्यामुळे ४, ८, ५ निघो की ८, ५, ४, ती एकच. अशा पत्त्या किती? तिन्ही अंक वेगळे असलेल्या, म्हणजे सिंगल पत्ती, १२०. दोन अंक सारखे असलेल्या डबल पत्ती ९०. तिन्ही सारखे अशा १०. एकूण २२०. खेळणाऱ्यांना हा २२० चा आकडा पाठ असतो, आणि प्रत्येक ओपनमागे २२ पत्त्या असतात हेही. गणिताच्या वर्गात कधी न बसलेला माणूस पुनरावृत्तीसह संचय तोंडपाठ म्हणतो, ही या धंद्याची गंमत म्हणा किंवा दुर्दैव.

पण २२० तल्या सगळ्या पत्त्या सारख्या नाहीत. प्रत्येक अंक दर वेळी नव्याने निघतो असे धरले तर एकूण मांडण्या १०००. सिंगल पत्ती त्यांतल्या सहा मांडण्यांनी येते, डबल तीन मांडण्यांनी, तिन्ही सारखे अंक एकाच मांडणीने. १२० सक्के ७२०, ९० त्रिक २७०, आणि १०. बेरीज बरोबर १०००. '२२० पैकी एक पत्ती माझी, म्हणजे २२० त एक संधी' असे धरणारा इथेच फसतो. धंदा चालवणारा फसत नाही. त्याचे दर सिंगल, डबल, तिप्पट असे चढते असतात ते याच वजनांना धरून, पण प्रत्येक ठिकाणी थोडे कमी ठेवून. जोडीचे पाहा. जोड्या ००पासून ९९पर्यंत शंभर, सगळ्यांची संधी सारखी. रास्त हिशेबाने एका रुपयाला शंभर मिळायला हवेत, रीत आहे नव्वदच्या आसपास देण्याची. शंभर माणसांनी शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावला तर शंभर गोळा होतात, नव्वद परत जातात. नशिबाचा भाग फक्त कोणाला मिळाले एवढ्यापुरता. दहा रुपये कोणाच्या खिशात राहणार ते खेळ सुरू होण्याआधीच ठरलेले असते.

सारख्या वजनाची अट मोडण्याचे दुसरे उदाहरण जास्त निरागस आहे. निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला यावा यासाठी किती माणसे जमायला हवीत? पाठ्यपुस्तक सांगते, २३ जमली की शक्यता निम्म्याच्या वर जाते. अनेकांना हे पटत नाही, पण २३ जणांत जोड्या २५३ होतात हे ध्यानात घेतले की पटायला लागते. या गणितात वर्षाचे ३६५ दिवस सारखे धरले आहेत. आता हेच गणित बीड, आष्टी किंवा धारूर तालुक्यातल्या एखाद्या गावच्या पारावर, साठी उलटलेल्या माणसांत करून पाहा. महाराष्ट्रात एका पिढीला गुरुजींनी शाळेत घालताना १ जून ही जन्मतारीख बहाल केली. बाळ कधी झाले हे आईला पुराच्या, लग्नसराईच्या, ज्वारीच्या काढणीच्या आठवणीवरून सांगता येई, तारखेने नाही. आणि रजिस्टरला तर तारीख हवी. दहातल्या एकाची नोंद १ जून आहे असे केवळ गृहीत धरले, तरी १७ माणसांत दोघे जण १ जूनचे निघण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, आणि यात बाकीचे ३६४ दिवस हिशेबात घेतलेलेही नाहीत. पाठ्यपुस्तकातला २३ हा आकडा चुकीचा नाही. तो फक्त या पारावरचा नाही.

संभाव्यतेची दुसरी अट स्वतंत्रतेची. एका घटनेचा दुसरीवर परिणाम होत नसेल तरच शक्यतांचा गुणाकार करता येतो. समजा, दर चार वर्षांत एक दुष्काळी. मग सलग दोन दुष्काळ सोळात एकदा, असे पटकन म्हणून टाकता येईल. मराठवाड्याने २०१२ चा दुष्काळ पाहिला, मग २०१४ चा आणि लगोलग २०१५ चा, पुढे २०१८ चा. २०१४ साली देशभरातला पाऊस सरासरीहून १२ टक्के कमी होता, २०१५ साली १४ टक्के. समुद्राचे तापमान, जमिनीतली ओल, विहिरींची पातळी या गोष्टी ३१ डिसेंबरला शून्यावर येत नाहीत. पहिल्या वर्षी आटलेली विहीर दुसऱ्या वर्षीचा सरासरी पाऊसही तुटपुंजा ठरवते. पाऊस दोन वर्षे स्वतंत्र असला तरी दुष्काळ स्वतंत्र नसतो, कारण दुष्काळ फक्त आभाळात घडत नाही.

स्वतंत्रता मोडली की काय होते, हे बीड जिल्ह्याने पीकविम्यात पाहिले. विम्याचा धंदा एका साध्या विश्वासावर चालतो: हजार जणांनी पैसे भरले तर त्यांतल्या थोड्यांचेच नुकसान होईल, आणि किती जणांचे, याचा अंदाज बराचसा खरा ठरेल. अपघात आणि मृत्यू यांच्याबाबतीत हे चालते, कारण एकाचा अपघात दुसऱ्याला सहसा कळतही नाही. पावसाचे तसे नाही. गेवराईच्या शेतकऱ्याचे सोयाबीन करपते तेव्हा माजलगावचे हिरवे असेलच असे नाही. बहुधा दोघांचेही करपते, दोघांवरही दुबार पेरणीची वेळ येते आणि लाखो अर्ज एकदम येतात. ज्या मोठ्या संख्येच्या आधाराने विमा कंपनी निश्चिंत झोपते, ती संख्या इथे कामाची राहत नाही. हजार फासे टाकल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात एकच फासा टाकलेला असतो.

बीडमध्ये काम घ्यायला विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा २०२० च्या खरिपात भारतीय कृषी विमा कंपनीसोबत नवी अट ठरली. तिला 'बीड पॅटर्न' किंवा ८०:११० सूत्र म्हणतात. जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यावरची राज्य सरकारने. भरपाई कमी निघाली तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्के ठेवायचे, बाकी सरकारला परत. पुढे हेच सूत्र राज्यभर नेले गेले.

याचे गणित गृहीत आकडे घेऊन करून पाहा. दर वर्षी हप्ता १०० रुपये जमतो. दहापैकी सात वर्षे बरी, त्यांत भरपाई ४०. तीन वर्षे वाईट, त्यांत २००. दहा वर्षांत जमले १०००, गेले ८८०. सरासरीने कंपनी नफ्यात आहे, तरीही ती येत नाही, कारण वाईट वर्षी तिला पदरचे १०० घालावे लागतात आणि ते वर्ष पहिलेच असू शकते. सूत्र लावल्यावर कंपनीला बऱ्या वर्षी २० मिळतात, वाईट वर्षी १० जातात. दहा वर्षांत ११० ची कमाई. सरकारला सात वर्षे ४० परत येतात, म्हणजे २८०. तीन वर्षे ९० द्यावे लागतात, म्हणजे २७०. सरकारचे जवळजवळ बरोबरीत सुटते. माझ्या मते या सूत्राची खरी करामत सरासरी बदलण्यात नाही, ती वाईट वर्षाचा धक्का सोसू शकणाऱ्याच्या खांद्यावर टाकण्यात आहे. पण वाईट वर्षे तीनऐवजी पाच निघाली, तर सरकारला २७० नव्हे, थेट ४५० द्यावे लागतात आणि परत येतात फक्त २००. सगळा डाव त्या 'दहात तीन' या एका अंदाजावर उभा असतो, आणि तो अंदाज काढायला तालुक्या-तालुक्याच्या पावसाच्या आणि पिकाच्या लांबलचक, खऱ्या नोंदी लागतात.

२०२३ मध्ये राज्याने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि खरिपाच्या धान्य-तेलबियांसाठी विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला. म्हणजे हा हिशेब आता प्रत्येक घराला स्वतः करावा लागणार. बीड जिल्ह्यातल्या अकरावीच्या गणित शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे: संभाव्यतेचे प्रकरण घ्याल तेव्हा नाणेफेक आणि पत्त्यांचा जोड एक तास बाजूला ठेवा, मुलांना घरातली विम्याची पावती आणायला सांगा, आणि ८०:११० फळ्यावर मांडा.